जीन एडिटिंग: इलाज आला आहे, पण आपल्या दारापर्यंत कधी येणार?

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीतून एक बातमी आली. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर भारतीय शास्त्रज्ञांनी जीन एडिटिंगचा देशी इलाज तयार केला असून त्याला भगवान बिरसा मुंडा यांच्या नावावरून 'बिरसा १०१' असे नाव दिले आहे. हे तंत्र सीएसआयआरच्या दिल्लीतल्या आयजीआयबी या संस्थेने विकसित केले आणि पुढच्या कामासाठी ते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवले गेले. बातमी महाराष्ट्राशी थेट जोडलेली, त्यामुळे ती आपल्याकडे खूप फिरली. फिरता फिरता तिचे रूप मात्र बदलत गेले. 'आता सगळे खानदानी आजार बरे होणार', 'एक इंजेक्शन आणि थॅलेसेमिया खलास' असे मेसेज जमातीच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊ लागले.

ज्या घरात असा आजारी मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरात असा मेसेज कसा वाचला जातो याचा विचार करा. दर दोन-चार आठवड्यांनी मुलाला रक्त चढवायला नेणाऱ्या आईसाठी ती फक्त एक बातमी नसते. म्हणूनच या विषयावर नीट, थंड डोक्याने बोलणे गरजेचे वाटते. यात खरे किती, आज हातात काय आहे, उद्या काय मिळू शकते आणि तोपर्यंत आपण काय करायचे, हे चार प्रश्न आम्ही या लेखात घेत आहोत.

एका नुक्त्याचा फरक

आम्ही वर्गात हा विषय शिकवतो तेव्हा उर्दू लिपीचे उदाहरण देतो. उर्दूत 'दुआ' लिहा. त्यातल्या 'ऐन'वर चुकून एक नुक्ता पडला की तो 'गैन' होतो आणि 'दुआ'ची 'दगा' होते. बाकी सगळे अक्षर तेच, फरक फक्त एका ठिपक्याचा, पण अर्थ उलटा.

आपल्या शरीरातही अशीच एक लिपी आहे. प्रत्येक पेशीत डीएनए असतो आणि त्यात साधारण ३०० कोटी अक्षरे असतात. यातल्या काही भागांना जीन किंवा जनुक म्हणतात. शरीराने कोणते प्रथिन कसे बनवायचे, याची कृती त्यात लिहिलेली असते. रक्तातल्या हिमोग्लोबिनची कृती सांगणाऱ्या एका जनुकात एकच अक्षर बदलले की सिकलसेल होतो. गोल, मऊ तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. थॅलेसेमियामध्ये त्याच जनुकात वेगवेगळ्या चुका असतात. त्यामुळे हिमोग्लोबिन पुरेसे बनतच नाही आणि मूल आयुष्यभर दुसऱ्याच्या रक्तावर जगते.

जीन एडिटिंग म्हणजे या लिपीतली चूक शोधून तिथे बदल करणे. २०१२ मध्ये जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शारपॉन्त्ये या दोन महिला शास्त्रज्ञांनी क्रिस्पर नावाच्या तंत्राने डीएनए हव्या त्या जागी कापता येतो, हे दाखवले. या तंत्राचे दोन भाग आहेत. एक भाग ३०० कोटी अक्षरांतून नेमकी जागा शोधतो आणि दुसरा तिथे कात्रीसारखा काप घेतो. गंमत अशी की हे हत्यार मुळात जिवाणूंचे आहे. विषाणूंपासून बचावासाठी ते त्यांच्याजवळ आधीपासूनच होते, माणसाने ते ओळखले आणि कामाला लावले. या शोधासाठी दोघींना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आजपर्यंत प्रत्यक्षात काय झाले

हा इलाज आता फक्त प्रयोगशाळेत राहिलेला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने 'कॅसजेव्ही' या क्रिस्परवर आधारलेल्या जगातल्या पहिल्या उपचाराला परवानगी दिली, सिकलसेल आणि थॅलेसेमिया अशा दोन्ही आजारांसाठी. अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये सिकलसेलसाठी आणि जानेवारी २०२४ मध्ये थॅलेसेमियासाठी तो मान्य केला.

निकाल खरोखर चांगले आहेत. अमेरिकेच्या परवानगीच्या वेळी सिकलसेलच्या ज्या ३१ रुग्णांचा पुरेसा काळ पाठपुरावा झाला होता, त्यातल्या २९ जणांना सलग किमान वर्षभर वेदनेचा एकही गंभीर झटका आला नव्हता. ब्रिटनसमोर थॅलेसेमियाच्या ४२ रुग्णांची माहिती होती. त्यातल्या ३९ जणांना वर्षभर तरी रक्त चढवावे लागले नाही. जे मूल जन्मापासून रक्ताच्या बाटलीवर जगते, त्याच्यासाठी वर्षभर रक्त न लागणे काय असते, हे त्याच्या वालिदैनलाच विचारावे.

इथे एक बारकावा समजून घ्यायला हवा. कॅसजेव्ही बिघडलेले अक्षर दुरुस्त करत नाही, ते वेगळीच वाट धरते. आईच्या पोटात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर ते बनवणे बंद करते आणि मोठ्यांचे हिमोग्लोबिन सुरू होते. हे बंद करणारा जो ब्रेक आहे, तो या उपचारात रक्ताच्या मूळ पेशींमध्ये सैल केला जातो. मग बाळपणीचे चांगले हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागते आणि बिघडलेल्याची कसर भरून काढते.

अक्षरच बदलण्याचे काम दुसऱ्या एका प्रकरणात झाले. मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातील डॉक्टरांनी जाहीर केले की त्यांनी एका तान्ह्या बाळासाठी, फक्त त्याच्या एकट्यासाठी, जीन एडिटिंगचे औषध बनवले. या बाळाला सीपीएस-१ ची कमतरता हा अत्यंत दुर्मिळ आजार होता. यात यकृत अमोनिया बाहेर टाकू शकत नाही आणि तो मेंदूपर्यंत पोचून जीवावर बेततो. साधारण सहा महिन्यांत औषध तयार झाले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पहिला डोस दिला गेला. त्यानंतर बाळ आधीपेक्षा जास्त प्रथिने पचवू लागले, त्याची औषधे कमी करता आली आणि शेवटी ते घरी गेले. डॉक्टर याला 'पूर्ण बरे झाले' म्हणत नाहीत, त्याच्यावर पुढची अनेक वर्षे नजर ठेवली जाणार आहे. पण एका मुलाच्या एका चुकीसाठी खास औषध काही महिन्यांत बनू शकते, हे जगाने पहिल्यांदा पाहिले.

'एक इंजेक्शन' नाही

आता व्हॉट्सॲपवरच्या 'एक इंजेक्शन आणि खलास' या वाक्याकडे येऊ. सिकलसेल आणि थॅलेसेमियाचा सध्याचा उपचार असा आहे: आधी रुग्णाच्या रक्तातून मूळ पेशी गोळा करायच्या, कधीकधी हे दोन-तीन वेळा करावे लागते. त्या पेशी प्रयोगशाळेत पाठवून त्यात बदल करायचा. याला काही महिने लागतात. मग रुग्णाला जोरदार केमोथेरपी देऊन हाडांच्या मगजातल्या जुन्या पेशी काढून टाकायच्या आणि नव्या पेशी परत सोडायच्या. त्यानंतर काही आठवडे रुग्णालयात, जंतुसंसर्गाच्या धोक्यात. केस जातात, तोंड येते, ताप येतो. या केमोथेरपीमुळे पुढे मूल होण्याची क्षमताही जाऊ शकते, त्यामुळे डॉक्टर आधीच त्याबद्दल बोलतात.

दुसरी काळजी म्हणजे कात्री चुकीच्या जागी चालण्याची. आजवर मान्य झालेल्या उपचारात असे मोठे नुकसान दिसलेले नाही. पण हे तंत्र नवे आहे, म्हणून रुग्णांवर पंधरा-पंधरा वर्षे लक्ष ठेवायचे ठरले आहे. शरीराच्या आत थेट दिल्या जाणाऱ्या औषधांतही धोके आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये हृदयाशी संबंधित एका आजारावरच्या क्रिस्पर औषधाची मोठी चाचणी एका रुग्णाच्या यकृताला गंभीर इजा झाल्याने थांबवावी लागली आणि तो रुग्ण पुढे दगावला. याचा अर्थ तंत्र फसले असा नाही. पण 'बिनधोक जादू' असे जे सांगितले जाते, ते खरे नाही.

अठरा कोटींचा प्रश्न

सगळ्यात मोठी भिंत पैशांची आहे. अमेरिकेत कॅसजेव्हीची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली, म्हणजे त्या वेळच्या दराने १८ कोटी रुपयांच्या आसपास. त्यात रुग्णालयाचा खर्च वेगळा. ब्रिटनमध्ये तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने कंपनीशी घासाघीस करून ऑगस्ट २०२४ मध्ये थॅलेसेमियाच्या आणि जानेवारी २०२५ मध्ये सिकलसेलच्या काही रुग्णांसाठी हा उपचार घेतला. म्हणजे तिथे रुग्णाच्या खिशाला हात लागत नाही, सरकार भरते.

आपल्याकडे काय? जगात सिकलसेलचे बहुसंख्य रुग्ण आफ्रिकेत आणि भारतात आहेत. थॅलेसेमियाचा पट्टा भूमध्य समुद्रापासून इराण, पाकिस्तान, भारत ते आग्नेय आशियापर्यंत जातो. आजार एका बाजूला आणि इलाज दुसऱ्या बाजूला, असे हे चित्र आहे. भारतात दरवर्षी दहा हजारांहून अधिक मुले थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्माला येतात, असा अंदाज सांगितला जातो. या सगळ्यांना अठरा कोटींचा उपचार देणे कोणत्याही सरकारला झेपणार नाही. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात ठरावीक आजारांच्या रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे आणि मुंबईचे केईएम रुग्णालय त्यातल्या मान्यताप्राप्त केंद्रांपैकी एक आहे. पण ५० लाख आणि १८ कोटी यांचा हिशोब कुणालाही करता येईल.

म्हणूनच देशी तंत्राचे महत्त्व आहे, आणि इथे उमेद ठेवायला जागा आहे. दोन उदाहरणे पाहा. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून कार-टी हा कर्करोगावरचा पेशी-उपचार तयार केला. तो आनुवंशिक आजारावरचा नाही, पण तोही पेशींच्या जनुकात बदल करूनच होतो. परदेशात त्याला तीन-चार कोटी रुपये लागतात, आपल्याकडे तो त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आला. दुसरे उदाहरण वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयाचे. तिथल्या डॉक्टरांनी तीव्र हिमोफिलियाच्या पाच रुग्णांना जीन थेरपी दिली, म्हणजे चांगले जनुक पेशीत घातले. डिसेंबर २०२४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले, तेव्हा पाठपुराव्याच्या काळात पाचांपैकी कुणालाही रक्तस्राव झालेला नव्हता.

'बिरसा १०१' याच वाटेवर आहे. पण त्याच्या मानवी चाचण्या पूर्ण व्हायच्या आहेत, परवानगी मिळायची आहे, किंमत ठरायची आहे. त्यामुळे आज कुणी 'आम्ही पुण्यात हा उपचार करून देतो, ॲडव्हान्स भरा' असे सांगत असेल, तर तो माणूस खोटे बोलतो आहे. स्टेम सेलच्या नावाने दुकान मांडून बसलेल्या क्लिनिकांनी ऑटिझमपासून पाठीच्या दुखण्यापर्यंत सगळे बरे करायची हमी देऊन अनेक घरे पिळून काढली आहेत. जीन एडिटिंगच्या नावाने तेच होण्याची भीती आहे. लक्षात ठेवा, खऱ्या क्लिनिकल ट्रायलमध्ये चाचणीच्या औषधासाठी रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत आणि भारतात अशा ट्रायलची सरकारी नोंदणी असते, ती कुणालाही पाहता येते.

अल्लाहच्या रचनेत ढवळाढवळ?

हा प्रश्न आपल्या घरांत विचारला जातोच, आणि तो विचारण्यात काही गैर नाही. यावर उलेमांनी आणि मुस्लिम डॉक्टरांनी बराच आधी विचार केला आहे. ऑक्टोबर १९९८ मध्ये कुवेतला इस्लामी वैद्यक संघटनेच्या चर्चासत्रात जनुकशास्त्र, मानवी जीनोम आणि जीन थेरपी याच विषयावर फिक्हचे जाणकार आणि शास्त्रज्ञ एकत्र बसले होते. तिथला सूर साधारण असा होता: आजारी माणसाच्या शरीरातल्या पेशींवर इलाज म्हणून हे तंत्र वापरायला हरकत नाही. मात्र बीजपेशींत किंवा गर्भात असा बदल करू नये, जो पुढच्या सगळ्या पिढ्यांत जाईल. सुंदर किंवा हुशार मूल 'बनवण्यासाठी' तर नाहीच.

गंमत म्हणजे जगातल्या शास्त्रज्ञांची आणि कायद्याची रेषाही जवळपास इथेच आहे. कॅसजेव्ही किंवा त्या बाळाला दिलेला उपचार फक्त त्या रुग्णापुरता आहे, तो त्याच्या मुलांत उतरत नाही. याउलट नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनच्या हे जियानकुई या शास्त्रज्ञाने गर्भाच्याच जनुकात बदल करून जुळ्या मुली जन्माला घातल्याचे जाहीर केले. जगभर संताप उसळला आणि डिसेंबर २०१९ मध्ये चीनच्या न्यायालयाने त्याला तीन वर्षांची कैद सुनावली. भारतातही आयसीएमआरच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पुढच्या पिढीत जाणाऱ्या बदलांना मनाई आहे.

आम्ही आलिम नाही, फतवा देणे आमचे काम नाही. पण एवढे म्हणता येते की मोतीबिंदू काढणे, मधुमेहात इन्सुलिन घेणे, किडनी बदलणे याला आपण रचनेत ढवळाढवळ म्हणत नाही, इलाज म्हणतो. दवा आणि दुआ दोन्ही करायच्या, हे आपल्या घरांत लहानपणापासून शिकवले जाते.

निकाहनाम्याआधीचा एक कागद

आता मुद्द्याची गोष्ट. जीन एडिटिंग येईल तेव्हा येईल. पण थॅलेसेमिया मेजर मूल जन्मालाच येऊ नये, यासाठी लागणारी गोष्ट आज, आपल्या गावात, साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळते. ती आहे रक्ताची एक टेस्ट.

बोर्डाच्या नववीच्या विज्ञानात आनुवंशिकतेचा धडा आहे आणि त्यात सिकलसेलची माहिती आकृतीसह दिलेली आहे. मराठी माध्यमात आहे, उर्दू माध्यमातही आहे. मुले चौकटी काढतात, उत्तर लिहितात, मार्क मिळवतात. पण त्या चौकटीचा संबंध आपल्याच घरातल्या निकाहशी आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही. ते इथे सांगतो.

ज्याच्याकडे बिघडलेल्या जनुकाची एकच प्रत असते, त्याला थॅलेसेमिया मायनर किंवा वाहक म्हणतात. तो आजारी नसतो. नोकरी करतो, रोजे ठेवतो, क्रिकेट खेळतो, त्याला स्वतःला कधी कळतही नाही. अडचण तेव्हाच येते, जेव्हा नवरा आणि बायको दोघेही मायनर असतात. मग प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मूल मेजर होण्याची, चारात दोन मायनर होण्याची आणि चारात एक पूर्ण निरोगी होण्याची. 'पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन चांगली होतील' असा हिशोब काही घरांत केला जातो. तो चुकीचा आहे. दर वेळी चिठ्ठी नव्याने निघते.

दोघांपैकी एकच मायनर असेल तर मूल मेजर होत नाही. म्हणून टेस्टमध्ये मायनर निघालेल्या मुलीचे किंवा मुलाचे लग्न होऊ शकत नाही, ही समजूत निराधार आहे. आमच्या पाहण्यात असे आले आहे की मुलाचा रिपोर्ट दडवला जातो आणि मुलीचा रिपोर्ट सगळ्या खानदानात फिरतो. हा जुलूम आहे. जनुक आईकडून जेवढे येते तेवढेच बापाकडूनही येते. टेस्ट दोघांची, आणि दोघांचा रिपोर्ट गुप्त.

आता नात्यातल्या लग्नांबद्दल. मामेबहीण, आतेबहीण, चुलतबहीण यांच्याशी निकाह आपल्याकडे जायज आहे आणि पुष्कळ घरांत होतो. महाराष्ट्रात अनेक हिंदू जातींतही मामाची मुलगी करण्याची रीत आहे, तेव्हा हा फक्त मुसलमानांचा विषय नाही. पण विज्ञान काय सांगते, तेही ऐकायला हवे. चुलत-मामे भावंडांचे आजी-आजोबा एकच असतात, त्यामुळे एकच लपलेली चूक दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. ब्रिटनच्या ब्रॅडफर्ड शहरात ११ हजारांहून अधिक बाळांचा अभ्यास झाला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या लग्नांत जन्मजात दोषाचा धोका साधारण ३ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर जातो, असे दिसले. म्हणजे अशा लग्नांतली बहुतेक मुले निरोगीच असतात, पण धोका दुप्पट होतो. जायज असणे आणि सक्तीचे असणे यात फरक आहे. खानदानात आधीच थॅलेसेमियाचे, सिकलसेलचे, किंवा लहानपणी कारण न कळता दगावलेले मूल असेल, तर नात्यात रिश्ता करण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घेणे हे वालिदैनचे कर्तव्य मानायला हवे.

मुस्लिम देशांनी हे केले आहे. इराणने १९९७ पासून लग्नाआधी थॅलेसेमियाची तपासणी सुरू केली. सौदी अरेबियात २००४ पासून लग्नाआधी सिकलसेल आणि थॅलेसेमियाची टेस्ट सक्तीची आहे. रिपोर्ट काहीही आला तरी लग्न करायचे की नाही, हा निर्णय मात्र जोडप्याचाच राहतो. जिथे हरमैन शरीफैन आहेत तिथे ही टेस्ट होते, तर आपल्या मोहल्ल्यात ती करायला लाज कसली?

ज्यांचे लग्न आधीच झाले आहे आणि दोघेही मायनर आहेत, त्यांच्यासाठीही रस्ता आहे. गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी होऊ शकते. पुढचा निर्णय फार नाजूक असतो. मक्केतल्या इस्लामी फिक्ह परिषदेने १९९० मध्ये गंभीर आणि उपचार नसलेल्या व्यंगाच्या बाबतीत १२० दिवसांच्या आतल्या मुदतीची चर्चा करून काही अटींवर सवलत मान्य केली होती. अशा वेळी एकट्याने कुढत न बसता डॉक्टर आणि भरवशाचे आलिम, दोघांकडेही वेळेत जावे. 'वेळेत' या शब्दाला इथे फार किंमत आहे.

जी मुले आज आपल्यात आहेत, त्यांचे काय?

टेस्टची गोष्ट पुढच्या पिढीसाठी. पण जी मुले आज आजारी आहेत, त्यांना 'तुम्ही जन्मायला नको होता' असा संदेश चुकूनही जाता कामा नये. त्यांचा हक्क पहिला.

त्यांना पहिली गरज रक्ताची आहे. ईद-ए-मिलादला आपल्याकडे ठिकठिकाणी रक्तदान शिबिरे होतात, ही फार चांगली रीत पडली आहे. पण थॅलेसेमियाच्या मुलाला रक्त बारा महिने लागते. रमजानमध्ये आणि मे महिन्याच्या सुट्टीत रक्ताचा तुटवडा पडतो. मशिदीच्या ट्रस्टींनी आणि तरुणांच्या मंडळांनी वर्षातले चार महिने वाटून घेतले, रमजानमध्ये तरावीहनंतर शिबिर ठेवले, तर किती घरांची धावपळ वाचेल.

दुसरी गरज औषधांची. वारंवार रक्त चढवल्याने शरीरात लोह साचते आणि ते हृदय व यकृत खराब करते. ते काढणारी औषधे रोज घ्यावी लागतात. गरीब घरांत रक्त मिळते, पण ही औषधे मध्येच बंद पडतात. जकात आणि सदक्याचा पैसा देताना हकदार घरांच्या यादीत अशा मुलांची औषधे आहेत का, हे जमातींनी पाहावे. सिकलसेलच्या मुलांसाठी हायड्रॉक्सियुरिया हे जुने आणि स्वस्त औषध आजही वेदनेचे झटके कमी करते. ते सोडून नव्या इलाजाची वाट पाहत बसणे धोक्याचे आहे.

तिसरी गोष्ट, कायमचा बरा करणारा एक उपचार आधीपासून आहे: सख्ख्या भावा-बहिणीचा मगज जुळला तर बोन मॅरो ट्रान्सप्लांट. एका भावंडाचा जुळण्याची शक्यता साधारण चारात एक असते. वय लहान असेल तर निकाल चांगले येतात. मुंबईत बोरिवलीला महापालिकेचे यासाठी स्वतंत्र केंद्र आहे आणि कोल इंडियाच्या 'थॅलेसेमिया बाल सेवा योजने'तून ट्रान्सप्लांटसाठी १० लाखांपर्यंत मदत मिळते. अठरा कोटींच्या स्वप्नात ही दहा लाखांची खरी संधी निसटू देऊ नका. ट्रान्सप्लांटची चौकशी मुलगा चौदा वर्षांचा होईपर्यंत थांबवू नका, आताच करा.

चौथी गोष्ट शाळेची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलिया हे तिन्ही आजार आहेत. प्रमाणपत्र काढून घेतले तर सवलतींचा मार्ग खुला होतो. बहुतेक पालक ते काढत नाहीत, कारण 'दिव्यांग' हा शब्द त्यांना लागतो. मुलगी असेल तर 'पुढे रिश्ता कसा होईल' ही भीती. पण रक्त चढवायच्या दिवशी हजेरी बुडते, तब्येतीमुळे परीक्षा अवघड जाते, तेव्हा हाच कागद कामाला येतो. शिक्षकांनीही अशा मुलाला आळशी म्हणण्याआधी त्याच्या डोळ्यांचा पिवळेपणा बघावा.

सरकारकडे काय मागायचे

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. २०४७ पर्यंत हा आजार संपवण्याचे ध्येय आहे आणि सात कोटी लोकांची तपासणी ठरवली गेली. गडचिरोली, नंदुरबार, चंद्रपूर अशा जिल्ह्यांतल्या आदिवासी बांधवांना तिचा फायदा होतो आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. विदर्भातल्या मुस्लिम घरांनीही या तपासणीत मागे राहू नये. जनुक जात-धर्म विचारत नाही.

थॅलेसेमियासाठी मात्र त्या तोडीची देशव्यापी मोहीम नाही. आपल्या लोकप्रतिनिधींकडे मागायचे असेल तर हे मागा: प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आणि कॉलेजात थॅलेसेमियाची मोफत टेस्ट, लोह काढणाऱ्या औषधांचा अखंड पुरवठा, आणि देशी जीन एडिटिंग उपचार तयार झाला तर तो सरकारी रुग्णालयांतून, सरकारी योजनेत. ज्या तंत्राच्या शोधात जनतेचा पैसा लागला, त्याचा पहिला हक्क जनतेचा असला पाहिजे. हे आत्ताच बोलले नाही, तर तयार झालेला उपचार पंचतारांकित रुग्णालयात जाऊन बसेल आणि आपली मुले बाहेर रांगेत राहतील.

थोडक्यात सांगायचे तर जीन एडिटिंगचा वादा खरा आहे, पण तो अजून आपल्या नावावर झालेला नाही. कदाचित पाच वर्षे लागतील, कदाचित दहा. तोपर्यंत आजारी मुलांना चांगल्या तब्येतीत ठेवणे हेच मोठे काम आहे, कारण नवा उपचार येईल तेव्हा हृदय आणि यकृत शाबूत असलेल्या मुलालाच त्याचा खरा लाभ होईल.

येत्या काही महिन्यांत तुमच्या खानदानात कुणाचा रिश्ता ठरत असेल, तर दागिन्यांची आणि हॉलची बोलणी सुरू होण्याआधी मुला-मुलीची टेस्ट करून घ्या. सीबीसी आणि हिमोग्लोबिन एचपीएलसी, एवढीच नावे लॅबमध्ये सांगायची. मंगनीनंतर रिपोर्ट आला तर नाती तुटतात, बदनामी होते. आधी आला तर फक्त एक निर्णय घ्यावा लागतो. अल्लाह सगळ्या आजारी मुलांना शिफा देवो आणि त्यांच्या वालिदैनला सब्र व ताकद देवो.